पाणबुडीतील बारा मिनिटे

कॅसेट हातात घेतली आणि आधी वास आला. जुन्या प्लॅस्टिकचा, धुळीचा आणि त्याच्या तळाशी हिंगाचा. व्हिडिओ कॅसेटला हिंगाचा वास कसा लागतो, असे कोणी विचारील. मिशिगनमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल घराची खिडकी उघडत नाही. फोडणीचा वास मग पडद्यांत, लोकरीच्या कोटांत, पुस्तकांच्या पानांत मुक्कामाला राहतो आणि माणूस गेले तरी तो जात नाही. कॅसेटच्या पाठीवर एक कागदी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर काकूंचे गोल, टपोरे अक्षर होते: ‘पाणबुडी. यावर दुसरे काही घेऊ नये.’

२००८ सालचा ऑक्टोबर होता. ॲन आर्बरमधील ते घर रिकामे करायचे होते. काका आपल्या मुलीकडे, अनघाकडे, कॅलिफोर्नियाला कायमचे राहायला निघाले होते. मी माझ्या नोकरीच्या गावाहून, शॉमबर्गहून, सकाळी निघून दुपारी पोहोचले होते आणि पुस्तके खोक्यांत भरत होते. भांडी आदल्या दिवशीच बांधून झाली होती. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते. टीव्ही आणि त्याच्याखालचा व्हीसीआर मात्र अजून जागेवर होता, कारण तो फुकट न्यायलाही कोणी तयार नव्हते.

“ती खोक्यात टाकू नकोस,” काका मागून म्हणाले. “लाव. शेवटची बघू या.”

काकूंना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते.

सांगलीच्या एका शाळेत सहा वर्षे विज्ञान शिकवून मी २००२ साली शिक्षणशास्त्र शिकण्यासाठी या गावी आले होते. काका आणि काकू माझे कोणीच नव्हते. त्या गावातील मराठी विद्यार्थ्यांपैकी कोणाचेच ते कोणी नव्हते, आणि म्हणूनच सगळ्यांचे काका-काकू होते. पहिल्यांदा मला त्यांच्याकडे नेले ते नागपूरच्या नितीनने. तो इंजिनीअरिंगला होता आणि माझ्याच इमारतीत राहत असे.

“चल यार, घरचं जेवण आहे,” बसच्या थांब्यावर पाय आपटत तो म्हणाला. “फक्त एक कंडिशन आहे. जेवायच्या आधी पिक्चर बघावा लागतो.”

“कोणता?”

“तोच.”

“तोच म्हणजे?”

“दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तोच. तू बघशीलच ना.”

त्या चित्रपटाला नाव होते. परंतु ते आमच्यापैकी कोणी घेत नसे. आम्ही ‘पाणबुडी’ म्हणत असू. “या शनिवारी पाणबुडी आहे,” एवढा निरोप पुरे. काकांनी तो कृष्णधवल युद्धपट फार पूर्वी एका दुपारी टीव्हीवरून कॅसेटवर उतरवून घेतला होता, मधल्या जाहिरातींसकट. त्या जाहिरातींनाही त्या घरात हळूहळू चित्रपटाचा मान मिळाला होता. बर्फातील टायरांची जाहिरात लागली की कोणीतरी दिवे मालवायचे. गालिच्यांच्या दुकानाची जाहिरात लागली की काकू चहाचा ट्रे घेऊन यायच्या, कारण तिच्यानंतर लगेच मौन सुरू होत असे.

हे मौन नीट समजावून सांगितले पाहिजे.

चित्रपटाची कथा साधी होती. शत्रूच्या खाडीत अडकलेल्या चार माणसांना आणायला एक पाणबुडी जाते. त्यांना घेऊन निघताना वर गस्तीची नौका येते. कप्तान सगळी यंत्रे बंद करायला सांगतो आणि पाणबुडी खाडीच्या तळाशी चिखलावर टेकते. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. हातातून निसटलेला एक चमचाही वरच्या माणसाला पत्ता देऊ शकतो. त्यामुळे पुढची बारा मिनिटे त्या चित्रपटात कोणीही एक शब्द बोलत नाही. पार्श्वसंगीतही नाही. नळीच्या सांध्यातून पडणारा थेंब तेवढा ऐकू येतो, आणि वर, दूरवर, शत्रूच्या नौकेचा पाणी कापणारा पंखा. तो जवळ येतो, डोक्यावर येतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. दिग्दर्शकाने त्या बारा मिनिटांत शत्रूला एकदाही दाखवलेले नाही. त्याने फक्त चेहरे दाखवले आहेत. घामाने निथळणारे, वर पाहणारे. एक खलाशी कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसलेला असतो. आणि पाणबुडीचा आचारी! जाड, टकला, गंजीफ्रॉकातला तो माणूस मोठ्या पातेल्याचे झाकण वाजू नये म्हणून ते दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा राहतो, बारा मिनिटे. अखेर पंख्याचा आवाज विरतो, हेडफोनवाला खलाशी हात वर करतो आणि सगळी पाणबुडी श्वास सोडते.

काकांच्या घराचा नियम असा होता की पाणबुडी गप्प झाली की खोलीनेही गप्प व्हायचे. चिवडा चावायचा नाही, कप बशीत ठेवायचा नाही, खोकला आला तर गिळायचा. कुकर आधीच उतरवून ठेवायचा. एकदा काकू विसरल्या आणि नेमक्या सहाव्या मिनिटाला शिट्टी झाली, तेव्हा काका हताश होऊन म्हणाले, “संपलं! बुडालो सगळे!” त्यानंतर जेवण होईपर्यंत ते खरोखरच खिन्न होते.

बोलण्याची परवानगी काका देत. आवाज विरला की ते उजवा हात वर करत, आणि त्यात त्यांची मिजास होती. त्यांचा हात पडद्यावरील खलाशाच्या आधी वर जात असे. अर्धा सेकंद आधी. मी मोजले होते. आयुष्यभर त्यांनी मोटारीच्या कारखान्यात आवाज शोधण्याचे काम केले होते. इंजिन कोठे कुरकुरते, दार लागताना कोणता पत्रा थरथरतो, हे ते डोळे मिटून सांगत. गल्लीत वळलेली गाडी कोणाची आहे, हे त्यांना खिडकीकडे न पाहता कळे. “मास्तरीणबाई,” ते मला म्हणाले होते, “डोळ्यांना कोणीही फसवतं. कानाला फसवून दाखवा.”

त्या घरात हा नियम मोडण्याची मुभा एकाच व्यक्तीला होती, किंवा तिने ती घेतली होती. साडीवर स्वेटर घातलेल्या काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ती बारा मिनिटे पाहत, आणि त्यांत एकदा, फक्त एकदा, कुजबुजत. त्यांचा विषय ठरलेला असे: आचारी.

“बाई गं, त्याचं वरण करपलं असणार खाली.”

आम्ही गुदमरायचो. नितीन तोंडात रुमाल कोंबायचा. काका सावकाश मान वळवत, ओठांवर बोट ठेवत आणि चष्म्यावरून असे डोळे वटारत की काकू स्वतःच्या तोंडावर हात ठेवून आत पळत. पुढच्या महिन्यात नवे वाक्य तयार असे.

“झाकण कसं छातीशी धरलंय बघा, रुखवतात आल्यासारखं.”

पुन्हा ओठांवर बोट, पुन्हा वटारलेले डोळे. मला फार उशिरा समजले की काकू त्या डोळ्यांसाठीच बोलत असत. चाळीस वर्षांच्या संसारात एवढी एक खोडी त्यांनी जपली होती, आणि काका ती खोडी दर महिन्याला तितक्याच गांभीर्याने पकडत होते.

आज त्या शनिवारांची आठवण येते ती अशी तुकड्यातुकड्यांनी. दारातल्या ट्रेमध्ये वितळणारे बुटांवरचे बर्फ. जमिनीतल्या जाळीतून येणारी गरम, कोरडी हवा आणि तिच्यावर वाळत घातलेले हातमोजे. पडदे ओढून केलेला दुपारचा अंधार, आणि त्यांच्या फटीतून आत आलेली बर्फावरची पांढरी तिरीप. व्हीसीआर कॅसेट गिळताना होणारा तो खरखरीत, समाधानी आवाज. बाहेर सगळे गाव पांढरे आणि मुके. आपण खरोखरच कशाच्या तरी तळाशी आहोत आणि सुखरूप आहोत, असे तेव्हा वाटत असे.

२००३ च्या पानगळीत काकांचा हात खलाशाच्या बरोबरीने वर गेला. डिसेंबरमध्ये खलाशाच्या नंतर. फेब्रुवारीत पडद्यावरची माणसे बोलू लागली, एकमेकांना मिठ्या मारू लागली, आणि मग काकांनी घाईघाईने हात वर केला. आम्ही तोपर्यंत शहाण्या मुलांसारखे गप्प बसून होतो. कोणी कोणाकडे पाहिले नाही.

परंतु मला खरे कळले ते त्या हातावरून नव्हे. त्याच दुपारी काकू दारातून म्हणाल्या होत्या, “इतके पुरुष एका खोलीत आणि कोणाचा एक सल्ला नाही! बघून घ्या मुलींनो, पुन्हा दिसायचं नाही.” आमचे खांदे हलले. काकांची मान वळली नाही. काकू क्षणभर वाट पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांनी सवयीने तोंडावर हात ठेवला, तो तसाच खाली घेतला आणि त्या आत गेल्या. पळत नव्हे, चालत.

मार्चमध्ये मी त्यांना थालीपिठे थापायला मदत करत होते. तेव्हा तव्यावरून नजर न काढता त्या म्हणाल्या, “हल्ली रागवतसुद्धा नाहीत गं.”

मी पुढचा गोळा थापायला घेतला.

“अनघाचा फोन आला की ‘हो, हो’ करत राहतात. ती विचारते, बाबा, जेवलात का? हे म्हणतात, पुढच्या आठवड्यात. मी डॉक्टरांचं नाव काढलं की उठून गराजमध्ये जातात. तू सांग त्यांना.”

“मी? काकू, मी कशी सांगणार?”

“तू मास्तरीण आहेस. नीट मुद्दे मांडशील. तुझा मान ठेवतात ते.” त्यांनी थालीपीठ उलटले. “मी सांगितलं तर ती बायकोची कटकट होते.”

मी हो म्हटले. सवयीप्रमाणे एका कार्डावर तीन वाक्ये लिहून काढली. पहिले, वयानुसार ऐकणे कमी होते आणि त्यात कमीपणा नाही. दुसरे, तपासणी अर्ध्या तासाची असते. तिसरे, काकूंना तुमच्याशी बोलायचे आहे. ती तीन वाक्ये मला आजही पाठ आहेत. पाठ असलेली गोष्ट वेळेवर म्हणता आली नाही, असे माझ्या आयुष्यात तेवढे एकदाच घडले.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी इतरांच्या आधी पोहोचले. काका गराजमध्ये होते. मला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. “बरी आलीस! ये, तुला एक गंमत ऐकवतो.” त्यांनी गाडी सुरू केली. तिचा कुठलासा पट्टा कर्कश ओरडत होता. शाळेच्या फळ्यावर खडू किंचाळावा तसा. काकांनी बॉनेटवर हलकेच तळहात ठेवला, डोळे मिटले आणि विचारले, “कशी चालतेय? बारा वर्षांची गाडी आहे, मास्तरीणबाई. आहे काही आवाज?”

कोटाच्या खिशात माझी बोटे त्या कार्डावर होती.

“नाही काका,” मी म्हणाले. “अगदी शांत.”

आम्हां लोकांची ही रीतच आहे. मोठ्या माणसाला दुखवायचे नाही, म्हणून त्याला एकटे पाडायचे. पुढे मी त्याहून वाईट गोष्ट केली आणि तिला आपुलकी असे नाव दिले. त्याच चित्रपटाची डीव्हीडी आणली आणि खाली अक्षरे येतील अशी सोय करून लावली. “माझं इंग्रजी कच्चं आहे काका, मला वाचायला बरं पडतं,” असे सांगितले. त्या अक्षरांत केवळ संवाद नव्हते. आवाजही लिहून येत. पंखा जवळ येत आहे. पंखा थांबला आहे. पंखा दूर जात आहे. काकांचा हात पुन्हा वेळेवर, खलाशाच्या आधी, वर जाऊ लागला. नितीनने मला जिन्यावर गाठून म्हटले, “सॉलिड आयडिया यार! काका खूश.” आम्ही सगळेच खूश होतो.

डीव्हीडीत जाहिराती नव्हत्या. काकूंना ट्रे घेऊन येण्याची जागाच उरली नाही. त्या आधीच चहा देऊन जात. तो निवत असे. त्या तरीही दारात उभ्या राहत आणि एक वाक्य बोलत, पण त्यांचे बोलणे पडद्यावर लिहून येत नव्हते.

“पुढच्या शनिवारी नक्की सांगते,” मी त्यांना म्हणत राहिले.

२००५ च्या मे महिन्यात माझी पदवी झाली आणि शॉमबर्गला नोकरी लागली. निघण्यापूर्वीच्या शनिवारी पाणबुडी होती. पडद्यावर आचारी झाकण धरून उभा होता. मी दाराकडे पाहिले. काकू आज काय म्हणणार याची आम्ही सगळेच वाट पाहत होतो. त्यांनी आचाऱ्याचे नाव घेतले नाही.

“ही माणसं बारा मिनिटांत वर येतात,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे किती वेळ लागणार आहे, कोण जाणे.”

कोणी हसले नाही. नितीन आपल्या मोज्यांकडे पाहत राहिला. काकांनी अक्षरे वाचली आणि हात वर केला.

पुढे दोन वर्षे काकू फोनवर विचारत, “कधी येतेस?” आणि मी म्हणत असे, “दिवाळीला येते ना काकू, तेव्हा समोर बसून सांगते.” एक दिवाळी गेली, दुसरी गेली. फोनवर त्यांचा मूळचाच हळू आवाज आणखी हळू झाला. मग त्यांनी तो विषय काढणे सोडून दिले, आणि मला सुटल्यासारखे वाटले. २००७ च्या डिसेंबरात त्या गेल्या. फेब्रुवारीत अनघा काकांना जबरदस्तीने डॉक्टरांकडे घेऊन गेली. आता त्यांच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रे होती, शेंगदाण्याएवढी.

तर त्या ऑक्टोबरच्या दुपारी मी कॅसेट लावली. तोच खरखरीत, समाधानी आवाज. चित्र मधूनच थरथरत होते आणि खाली अक्षरे नव्हती. टायरांची जाहिरात आली. मी उठून दिवे मालवले. गालिच्यांची जाहिरात आली, तेव्हा आम्ही दोघांनीही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले आणि लगेच नजर फिरवली. मी आत गेले. पातेली बांधलेली होती, म्हणून मायक्रोवेव्हमध्ये कागदी कपांत चहा केला. बाहेर आले तोवर पाणबुडी चिखलावर टेकली होती.

पंख्याचा आवाज जवळ येऊ लागला. काका कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मग, त्या घरात कधीही घडले नव्हते असे घडले. मौन चालू असताना काका बोलले.

“हे यंत्र सगळं एकाच पट्टीत ऐकवतं. फ्रीजही तसाच, बोटही तशीच.” मग ते म्हणाले, “इथे ती काहीतरी म्हणायची ना?”

मी त्यांच्याकडे वळले. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“तुमचे खांदे हलायचे. नितीनचा रुमाल दिसायचा. ऐकू येत नव्हतं. डोळे शाबूत होते.”

“मग विचारलं का नाही, काका?”

“विचारलं असतं तर तिला कळलं असतं.”

पडद्यावर एक थेंब पडला.

“त्यांना माहीत होतं,” मी म्हणाले. “तुम्हाला सांगायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी गराजमध्ये त्यासाठीच आले होते.”

काकांनी मान हलवली. “पट्टा ओरडत होता. महिन्याभरानं मेकॅनिकनं सांगितलं. तेव्हाच समजलं, तू खोटं बोललीस.” ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं गं. म्हणून मीही पुन्हा विषय काढला नाही.”

यावर क्षमा मागण्याची काही रीत असेल तर ती मला शिकवलेली नाही.

“सांग,” ते म्हणाले. “मी नाही ऐकलं, ते सगळं.”

मी सांगू लागले. सल्ल्याचे वाक्य सांगितले. आचाऱ्याच्या गंजीफ्रॉकला भोके किती आणि त्याची बायको कशी दुर्लक्ष करते, ते सांगितले. “पातेलं एकीकडे, झाकण एकीकडे, अगदी आमच्या घरासारखं!” हे सांगितले, तेव्हा काका इतके हसले की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पंधराएक शनिवार होते. मला सात वाक्ये आठवली. उरलेली कोणीच लिहून घेतली नव्हती; मीदेखील नाही, जिने सगळे आयुष्य टिपणे काढण्यात घालवले.

“आणि शेवटचं?” काकांनी विचारले. “तू जायच्या आधीचं. त्या दिवशी कोणाचे खांदे हलले नव्हते.”

मी ते पुटपुटले.

“ऐकू आलं नाही. मोठ्यानं बोल.”

मग मी ते वाक्य वर्गात बोलावे तसे, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हटले. खोली रिकामी होती. भिंतींनी ते पुन्हा एकदा म्हटले.

काकांनी पडद्याकडे पाहिले. आचारी झाकण धरून उभा होता. मग त्यांनी सावकाश मान वळवली, स्वयंपाकघराच्या दाराकडे, जेथे आता खोक्यांची उतरंड होती. ओठांवर बोट ठेवले आणि चष्म्यावरून डोळे वटारले.

पंखा विरला. खलाशाने हात वर केला, पाणबुडीतील माणसे बोलू लागली, हसू लागली. काकांचे बोट ओठांवरच होते, आणि मी गप्प बसून राहिले.